सन्मानपत्र नको, मानधन द्या : दिवाळी अंकांच्या संपादक-प्रकाशकांना इंदूरहून खुलं पत्र

आदरणीय संपादक आणि प्रकाशक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्यापैकी एका अंकाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. अंकाचं नाव लिहीत नाही, कारण हा काही एकट्या त्यांचाच प्रकार नाही. मेसेज असा, की यंदापासून बृहन्महाराष्ट्रातल्या, म्हणजे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी लेखकांसाठी अंकात वेगळा विभाग असेल, त्यातल्या लेखांना मानधनाऐवजी डिजिटल सन्मानपत्र मिळेल, आणि लेखकांनी किमान पाच अंकांची आगाऊ नोंदणी करून सहकार्य करावं. खाली जोडलेले हात आणि एक पणती. म्हणजे लेख मी लिहायचा, अंकही मीच विकत घ्यायचे, आणि मग मोबाईलवर एक चित्र येणार ज्यात माझं आडनाव बहुतेक चुकलेलं असणार. हे वाचून गप्प बसवेना. खाजगीत लिहून पाहिलंय, उत्तरात परत तेच जोडलेले हात येतात, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

मी इंदूरला सुदामानगरात राहते. सकाळी एका शाळेत अर्धवेळ शिकवते, नवरा पीथमपूरला कारखान्यात आहे, त्याचा पगार घराच्या हप्त्यात आणि किराण्यात जातो आणि मुलीचं कोचिंग भंवरकुआंला लागलंय (चौकाचं नाव आता टंट्या भील चौराहा झालंय पण ऑटोवाले भंवरकुआंच म्हणतात). कोचिंगची फी, तिचं येणं-जाणं, पुस्तकं, हे सगळं मी वरकमाईतून काढते. वरकमाई म्हणजे लिहिणं आणि लिहिण्याच्या आजूबाजूची मिळतील ती कामं. हौस आहेच, नाही असं नाही, पण हौस आहे म्हणून कोचिंगवाला फी सोडत नाही ना.

ही बाकीची कामं कोणती ते जरा सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. लग्नसराईत मी मंगलाष्टका लिहून देते. लोकांना वाटतं चार ओळी जुळवल्या की झालं. शार्दूलविक्रीडित वृत्तात एका ओळीत १९ अक्षरं, बाराव्यावर यती म्हणजे थांबा, आणि लघु-गुरू जिथल्या तिथेच पडायला पाहिजेत, त्यात मुलीकडचे यादी पाठवतात आजी आजोबा काका मामा आत्या सगळ्यांची नावं आलीच पाहिजेत. काही नावं गुणी असतात. विजयालक्ष्मी घ्या, त्यात यती बरोबर मध्ये पडते, विजया आणि लक्ष्मी, बाराव्या अक्षराच्या दोन्ही बाजूंना छान बसतं. काही नावं मात्र कुठल्याच ओळीत शिरायला तयार नसतात, मग त्या मामांना नुसतं 'मातुल' म्हणून भागवावं लागतं आणि रात्री साडेदहाला फोन येतो, ताई मामाजी नाराज आहेत, नाव टाका. टाकते. पण त्या घरच्यांनी पहिल्याच फोनवर विचारलेलं असतं, ताई किती घ्याल? घासाघीस होते, मग अर्धे पैसे लगेच फोनवर येतात आणि उरलेले लग्नाच्या आधी. आजवर कुणी बुडवले नाहीत.

दुसरं काम मोडी लिपीतले जुने कागद वाचून देण्याचं. होळकरांच्या राज्यातलं शहर, त्यामुळे इथल्या जुन्या मराठी घरांच्या पेट्यांमधून अजूनही मोडीतले कागद निघतात, शेताचे, घराचे, कर्जाचे, कधी नुसती घरगुती पत्रं. आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली हात न उचलता लिहिलेलं, शब्द कुठे संपला ते कळत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, एका पानाला कधीकधी पूर्ण संध्याकाळ जाते. पण कागद आणणारा माणूस दारातच पानाचा भाव विचारतो. परवा एक गृहस्थ आले होते, त्यांच्या पणजोबांचा कागद, मी म्हटलं काका हे तुमच्या कामाचं नाही, वाण्याची उधारी आहे. ते म्हणाले असू दे, तुम्ही वाचलंत ना, मग पैसे घ्या.

तिसरं हिंदीतून मराठी आणि मराठीतून हिंदी अनुवाद, बहुतेक रटाळ, वकिलांचे कागद आणि दुकानांची माहितीपत्रकं. तिथेही शब्दाला दर ठरतो, मेलवर लिहून येतो.

आणि आकाशवाणीवर बोलायला जायचे तेव्हा आधी कॉन्ट्रॅक्टचा कागद हातात यायचा, त्यावर फीचा आकडा छापलेला असायचा, सही केली की मग रेकॉर्डिंग. रक्कम फार नसायची. पण माहीत असायची.

म्हणजे माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत, मामाजींचं नाव टाका म्हणणाऱ्या वधुपित्यापासून वकिलापर्यंत, पैशाच्या बाबतीत सगळ्यात अवघड गिऱ्हाईक कोण असेल तर ते तुम्ही, साहित्याची सेवा करणारे. हे लिहायला मला बरं वाटत नाहीये. आमच्या घरी दिवाळी अंकाशिवाय दिवाळी झालेली नाही, १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी मनोरंजन मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला हे आम्हाला बाबांनी पाठ करून घेतलेलं. तेव्हापासून शंभराहून जास्त दिवाळ्या ही परंपरा चाललीय, अशी परंपरा दुसऱ्या कुणाकडे क्वचितच असेल, आणि त्या परंपरेत लेखकाला किती पैसे मिळतील हा प्रश्न विचारणं अजून असभ्य समजतात.

आता तक्रारी एकेक करून सांगते.

पहिली, तुम्ही आकडा सांगत नाही. जूनमध्ये फोन येतो, तुमचा लेख हवाच बरं का, विषय तुमच्या आवडीचा, शब्द दोन हजारांपर्यंत, १५ जुलैपर्यंत द्या. मानधनाचं विचारलं की पलीकडे एक क्षण शांतता आणि मग "देतो ना, यथाशक्ती देतो, आपली परंपरा आहे". यथाशक्ती हा सत्यनारायणाच्या दक्षिणेला ठीक आहे. मला महिन्याचा हिशोब लावायचा असतो, या महिन्यात तुमचा लेख लिहू की वकिलाची चाळीस पानं घेऊ हे मला जूनमध्येच ठरवावं लागतं, तुमची शक्ती किती ते कळतं जानेवारीत. आणि समजा शक्ती शून्य आहे, तर तसं सांगा की, मी कदाचित तरीही लिहीन, एखाद्या छोट्या मंडळाचा अंक असेल, माणसं ओळखीची असतील, तर फुकटही लिहिते, लिहिलंय. पण ते ठरवायचं मी.

दुसरी, पैसे कधी मिळणार याला तारीखच नाही. उत्तर ठरलेलं, जाहिरातीचे पैसे आले की. बरं मग छापखान्याला काय सांगता? कागदवाल्याला? अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाला? त्यांचे पैसे दिल्याशिवाय अंक बाहेरच पडत नाही, म्हणून त्यांना मिळतात. माझा लेख मात्र तुमच्या हातात आधीच आलेला असतो. एकदा खूप पाठपुरावा केल्यावर चेक आला तो साध्या टपालाने, फिरत फिरत, आणि त्यावरची तारीख तीन महिन्यांपेक्षा जुनी. २०१२ च्या एप्रिलपासून चेक तीनच महिने चालतो हे प्रकाशन चालवणाऱ्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही. नवीन चेक मागितला तर म्हणाले, जुना परत पाठवा. बरं चेक कशाला हवा, फोनवरून पैसे पाठवायला अर्धं मिनिट लागतं, कोपऱ्यावर पोहे विकणारा दिवसभर तसेच घेतो. आणखी एका ठिकाणी तर दहा टक्के टीडीएस कापला. रक्कम इतकी छोटी की कापायची गरजच नव्हती, कारण अशा फीला वर्षाकाठी मर्यादा असते आणि एप्रिल २०२५ पासून ती ५० हजार आहे, दिवाळी अंकाचं मानधन त्याच्या पासंगाला तरी पुरतं का? आणि कापलेले पैसे माझ्या २६एएस मध्ये (कापलेल्या कराच्या सरकारी नोंदीत) कधी दिसलेच नाहीत. मग ते गेले कुठे, हे विचारलं तर अकाउंटंट सुटीवर.

तिसरी तक्रार फुकटच्या जोडकामांची आहे आणि ही जरा सविस्तर सांगणार आहे, कारण याच्यावर कुणी बोलत नाही. लेख युनिकोडमध्ये पाठवला की फोन येतो, आमच्याकडे श्रीलिपी (जुन्या पद्धतीचं फाँटचं सॉफ्टवेअर) चालते, तुम्हीच बदलून द्या ना. बदलायचं सॉफ्टवेअर तुमच्याकडे, अंक तुमचा, पण बदलून मी द्यायचं. बदलताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, 'दुसऱ्या' मधला अर्धा र पूर्ण होतो, आणि मग तो पसरलेला लेख ओळ न ओळ मी परत लावते. मग प्रूफं येतात, तीही मीच बघायची, हरकत नाही, स्वतःच्या लेखाची बघेन. पण सोबत शेजारच्या दोन लेखांचीही पीडीएफ येते, "तुमचं शुद्धलेखन छान आहे, जरा नजर फिरवा". मुद्रितशोधन हे काम आहे हो, त्याचे फॉर्मामागे (छपाईच्या पानांच्या गठ्ठ्यामागे) पैसे मिळतात, आमच्या ओळखीचे एक आजोबा त्यावर संसार करून गेले. गेल्या दोन वर्षांत याच्यात नवीन भर पडलीय, कुणीतरी मशीनने भाषांतर केलेला लेख पाठवायचा आणि म्हणायचं फक्त मराठी वाटेल असं करा. तो मुळापासून परत लिहावा लागतो, उलट नव्याने लिहिण्यापेक्षा जास्त वेळ जातो कारण आधी त्याला काय म्हणायचंय ते हुडकावं लागतं. आणि दर? अहो फक्त नजर तर फिरवायचीय. मग फोटो तुम्हीच काढा, फोटोला ओळी तुम्हीच लिहा, दोन हजारांचा लेख जाहिरात आली म्हणून बाराशेचा करून द्या, तोही आजच संध्याकाळपर्यंत, कारण उद्या पानं लागणार. मी एका हाताने पोळ्या लाटत दुसऱ्या हाताने मोबाईलवर आठशे शब्द कापलेले आहेत. चांगले शब्द होते ते.

चौथी, हक्क. लेख अंकासाठी दिला तर तो अंकासाठीच दिला. पुढच्या वर्षी तोच लेख तुमच्या निवडक लेखांच्या पुस्तकात दिसतो, तुमच्या ई-आवृत्तीत विकला जातो, कुणीतरी तो वाचून ध्वनिमुद्रित करतं, आणि मला ते दुसऱ्याच कुणाकडून कळतं. विचारलं तर म्हणतात, एकदा दिलात म्हणजे दिलात. तसं नाहीये. १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, त्यात लेखक हाच मूळ मालक, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी, सहीनिशी द्यावे लागतात. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर पाचच वर्षं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच. नाव काढून टाकणं किंवा लेखाची मोडतोड करणं याच्याविरुद्धही लेखकाला वेगळा हक्क दिलेला आहे. हे मी कोर्टात जाईन म्हणून सांगत नाहीये, तेवढा वेळ आणि पैसा कुणाकडे आहे. पण वकिलांचे कागद अनुवाद करून करून एवढं तरी कळायला लागलंय.

पाचवी छोटी आहे. अंक पोचत नाही. लेखकाला मानार्थ प्रत द्यायची रीत आहे, पुण्या-मुंबईच्या लेखकाला मिळत असेल, इंदूरला यायची ती वाटेत कुठे जाते देव जाणे, आणि आपलाच लेख वाचनालयात नंबर लावून वाचावा लागतो.

आणि सहावी, जिच्यामुळे हे पत्र लिहायला बसले. बृहन्महाराष्ट्राचा वेगळा विभाग. म्हणजे आमच्या लिखाणाला वेगळं ताट. इंदूरला १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनं भरली, त्या वेळी हे शहर लांब वाटलं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाषेला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा तुमच्याच अंकांनी संपादकीयात लिहिलं की महाराष्ट्राबाहेर मराठी जपणाऱ्यांचे उपकार आहेत. उपकार राहू द्या. आम्ही मराठी जपत वगैरे नाही, आम्ही ती बोलतो, थोडी हिंदी मिसळून बोलतो, तीतच भांडतो आणि तीतच लिहून चार पैसे मिळवायला बघतो. पुण्याच्या लेखकाला जो दर तोच इंदूरच्या, ग्वाल्हेरच्या, बडोद्याच्या लेखकाला. रेल्वेने लांब पडतो म्हणून लेखाची किंमत कमी होते का?

तुमची बाजू मला दिसत नाही असं समजू नका. कागद महाग झालाय, जाहिरातदार रीलवाल्यांकडे गेलेत, सहकारी बँका आणि साखर कारखाने पूर्वीसारखी पानं घेत नाहीत, विक्रेता कमिशन कापून उरलेले कधी देईल त्याचा भरवसा नाही. तुमच्यातले कित्येक जण पदरचे घालून अंक काढतात हेही माहितीये. पण त्या सगळ्या तोट्याची वजावट दर वर्षी एकाच माणसाच्या नावावर का टाकता? चारशे रुपयांचा अंक साडेचारशेला करा, पानं कमी करा, वीस लेखांच्या जागी बारा घ्या आणि बारांना पैसे द्या. वाचकाला बारा चांगले लेख पुरतात, खरं सांगायचं तर आम्ही घरी अंक वाचतो तेव्हा बाराच्या पुढे कुणी जातही नाही.

आणि फुकट लिहून घेण्याचा परिणाम तुम्हाला दिसत नाहीये असं नाही. तुमच्या अनुक्रमणिकेवरून नजर फिरवा. ज्यांचं पेन्शन येतं, ज्यांचा पगार भक्कम आहे, ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत, त्यांनाच फुकट लिहिणं परवडतं, म्हणून परदेश प्रवास, बँकेतल्या आठवणी आणि आमचे वडील याच्या बाहेर अंक जात नाही. काही लेख चांगले असतात, मी वाचते. पण पीथमपूरच्या शिफ्टमधून सुटलेला मुलगा, घरोघरी पार्सल पोचवणारा, पोळीभाजी केंद्र चालवणारी बाई, यांच्याकडे सांगायला जे आहे ते तुमच्याकडे कसं येणार? त्यांच्या दोन तासांची किंमत बाजारात ठरलेली आहे, ते तास तुम्हाला यथाशक्तीवर कोण देईल? माझ्या शाळेतली एक नवीन शिक्षिका इतकं सुंदर लिहिते, तिला म्हटलं पाठव ना अंकाला, तर तिने सरळ विचारलं, ताई किती देतात. मला उत्तर देता आलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं.

आता मागण्या. फार नाहीत आणि एकही अशक्य नाही.

लेख मागतानाच मानधनाचा आकडा लिहून कळवा, मेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर, शून्य असेल तर शून्य लिहा. अंक प्रसिद्ध झाल्यापासून ४५ दिवसांत पैसे द्या. हे दिवस मी मनाने काढलेले नाहीत. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे, त्यात नोंदणी असलेल्याकडून माल किंवा सेवा घेतली तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे चुकते करायचे असतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. ही नोंदणी, जिला उद्यम नोंदणी म्हणतात, फुकट होते, आधार नंबरवर, आणि माझ्यासारख्या लिहिणाऱ्यांनी ती करून ठेवावी असं मी या निमित्ताने त्यांनाही सांगते. लेख मागवून, तयार करून घेऊन मग छापला नाही तर निदान अर्धं मानधन द्या. प्रूफं, फाँट बदलणं, मशीनचं भाषांतर दुरुस्त करणं, याचे वेगळे पैसे द्या किंवा ती कामं सांगू नका. पुस्तकात, ई-आवृत्तीत, ऑडिओत लेख वापरायचा असेल तर आधी विचारा, लेखी. टीडीएस कापलात तर भरा. मानार्थ अंक स्पीड पोस्टाने पाठवा, म्हणजे कुठवर आलाय ते तरी दिसेल. लेखकाला अंकांची आगाऊ नोंदणी करायला सांगणं आजपासून बंद करा. आणि तो बृहन्महाराष्ट्राचा वेगळा विभाग रद्द करा, आमचे लेख इतरांच्या लेखांमध्ये घाला, वाईट असतील तर साभार परत करा, त्याचं वाईट वाटणार नाही.

ज्या अंकाचा मेसेज आला होता त्यांना मी लेख देणार नाही असं कळवलंय. तुमच्यात असेही दोन-तीन आहेत जे न मागता वेळेवर पैसे पाठवतात, सोबत दोन ओळींचं पत्रही येतं, त्यांना हे पत्र लागू नाही. त्यांनी रागावू नये, आणि जमलं तर बाकीच्यांना सांगावं ते कसं जमवतात.

यंदाचा लेख तयार आहे. मोडीतल्या घरगुती पत्रांमधून दिसणारं जुनं इंदूर, बाजार, आजारपणं, उधाऱ्या, अठराशे शब्द, युनिकोडमध्ये, सोबत कागदांचे तीन फोटो, ज्यांचे कागद आहेत त्यांची परवानगी घेतलेली. ज्यांना हवाय त्यांनी आकडा कळवा, त्याच दिवशी पाठवते.

कळावे,
इंदूरची एक लिहिणारी